मुंगीडॉक्टर

गेल्या महिन्यात जव्हारला डॉक्टरांची शोकसभा झाली. देवळाचा मंडप, सतरंज्या, हार घातलेला फोटो, सगळं रीतसर होतं. फक्त बोलायला उभा राहिलेला माणूस दोन वाक्यं झाली की हसायला लागायचा. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर एवढं हसू मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. कुणी मुंग्यांची गोष्ट सांगितली, कुणी तेलाची. एक जण म्हणाला, आमच्या डॉक्टरांना बायका तपासायची भीती वाटायची हो, बाई आली की तिला बाहेर चहा पाजायचे आणि नवऱ्याला आत घ्यायचे. मंडपभर हशा झाला. मीही हसलो.

ती भीती नव्हती, हे त्या मंडपात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. उठून सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर मागचंही सांगावं लागलं असतं, आणि ते मी वीसेक वर्षं गिळून बसलो आहे. माझ्या मधुमेहाची गोष्ट मी पुष्कळदा सांगतो. आमच्या डॉक्टरांनी कसा पकडला म्हणून छाती फुगवून सांगतो. पण त्या दिवशी मला आत का बसवलं होतं, तेवढं गाळतो. सभेहून घरी आलो, जेवण गेलं नाही. म्हणून आता लिहूनच टाकतो.

डॉक्टर देशावरचे. सरकारी नोकरीवर इकडे आले, नोकरी सोडली आणि इथेच राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणायचे, "सामान बांधायचा कंटाळा." बाजारपेठेच्या वरच्या अंगाला त्यांचं कौलारू घर. पुढे दवाखाना, मधे ते एकटे, आणि मागच्या पडवीला लागून आम्हा भाडेकरूंच्या खोल्या. मी आश्रमशाळेवर शिक्षक, शेजारी एस.टी.चा एक कंडक्टर. मागच्या अंगणात कारवीच्या कुडाने आडोसा केलेली मोरी, ती दवाखान्यातल्या पेशंटची आणि आमची एकच.

माणूस उंच, खांदे पडलेले, डोक्यावर पांढऱ्या केसांचं रान. शर्टाची बटणं नेहमी एका घराने चुकलेली. कुणी लक्षात आणून दिलं तर खाली बघायचे, "हो की" म्हणायचे आणि तशीच राहू द्यायचे. पण बोलणं मात्र अहोजाहोचं, आणि सगळ्यांशी. पाड्यावरून मोळी घेऊन आलेल्या बाईला बाजारात जो तो 'ए बाई' करायचा. डॉक्टर म्हणायचे, "बसा. काय होतंय तुम्हाला?" पहिल्यांदा आलेली बाई मागे वळून बघायची, आणखी कुणी आलंय की काय म्हणून. शेंबड्या पोरालासुद्धा, "अहो, जीभ दाखवता का जरा?" आणि ते पोर बापाला दाखवली नसती इतक्या अदबीने जीभ दाखवायचं.

आणि मुंग्या. नमस्कार, रामराम हे त्यांच्या तोंडात नव्हतंच. समोर माणूस आला की पहिला प्रश्न, "मुंग्या लागतात का?" म्हणजे लघवीला बसता त्या जागी. स्टँडवर विचारायचे, पेपर घेताना विचारायचे. खोडाळ्याला एका लग्नात स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या बापाला त्यांनी अक्षता टाकता टाकता हेच विचारलं. त्या गृहस्थांनी मंगलाष्टक चालू असतानाच "नाही" असं उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दवाखान्यात येऊन "हो" म्हणून गेले. पोरं त्यांना मुंगीडॉक्टर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. मुंगी माझ्यापेक्षा हुशार आहे, म्हणायचे, तिला डिग्री लागत नाही.

जव्हारात रक्त तपासून घेणं तेव्हा सोपं नव्हतं; नमुना नाशिकला जायचा. डॉक्टर पडद्यामागे स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळं औषध तापवायचे आणि त्यात लघवीचे थेंब सोडायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं, तर भरपूर साखर. निळं राहिलं की पडद्यामागून आवाज यायचा, "निळं आहे, जा, जिलेबी खा." दुसरा काही रंग आला की आवाज यायचा नाही. ते स्वतः बाहेर यायचे आणि माणसाजवळ बसायचे.

हे वेड आमच्या भागात आणखीच वेड वाटायचं. वावर-वांगणीकडची मुलं उपासमारीने गेली, त्या वर्षापासून आमचे तालुके सगळ्यांना त्याच एका गोष्टीसाठी ठाऊक. गाड्या भरून माणसं यायची, मुलांचे दंड मोजायची. तिथे हा माणूस साखर शोधत हिंडतो म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय? साखर म्हणजे शेठलोकांचा रोग. नागलीची भाकरी खाऊन डोंगर चढणाऱ्याला ती कुठून होणार, असं सगळेच धरून चालायचे. मीही वर्गात मुलांना तसंच शिकवलं आहे. दाभोशाकडचा एक हडकुळा माणूस वीटभट्टीवरून पायाची जखम घेऊन आला. घरच्यांचं म्हणणं लागीर झालंय. डॉक्टरांनी त्याला कुडामागे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे उकिडवे बसून राहिले. मी दात घासत होतो. मला बोलावून मुंग्यांची रांग दाखवली. मी म्हटलं, अहो, पण याच्या तर पोटात अन्न नाही. तर म्हणाले, "भुकेल्याला व्हायचं नाही, असं रोगाला कुणी कळवलंय का, गुरुजी?" त्या माणसाचा पाय वाचला. अजून बाजारात भेटतो.

आता तो नवऱ्यांचा नियम. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं, म्हणजे खरं तर सासू सुनेला घेऊन आली आणि नवरा पिशवी धरून मागे उभा असला, की डॉक्टर बाईला हातही लावायचे नाहीत. तिला बाहेर बाकावर बसवून चहा मागवायचे आणि पिशवीवाल्याला आत घ्यायचे. "आधी नवरा," एवढंच. पेठेतल्या एका दुकानदाराने यावरून केवढा तमाशा केला. आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणाला, तुमच्या दवाखान्याला टाळं लावतो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, टाळं जरूर लावा, पण आधी या नळीत. त्या घरात पुढे काय निघालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. दुकानदाराने मात्र दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबवली, एवढं गावाला दिसलं.

तेलाची गोष्ट सभेत सांगितली गेली ती थोडी वेगळी. खरी अशी: बाजाराच्या दिवशी केस उगवणारं तेल विकणारा एक जण यायचा. डॉक्टरांनी एक बाटली घेतली, महिनाभर डाव्या हाताला चोळली आणि महिन्याने ऐन गर्दीत दोन्ही बाह्या वर करून त्याच्यासमोर उभे राहिले. "दोन्ही हात बघा आणि तेलाचा कुठला ते सांगा. बरोबर सांगितलंत तर मी तुमच्याबरोबर बाटल्या विकायला बसतो." तो बिचारा उजव्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. गाव खो खो हसलं. गर्दीत मीही होतो, पण मला हसू आलं नाही. मी टोपी घट्ट केली.

कारण तेव्हा माझे केस जायला लागले होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, मी तिशीच्या आत, आणि कपाळ पार टाळूपर्यंत पोचलेलं. आमच्या खोडाळ्याकडच्या घरात नोकरीला लागलेला मी पहिला. सुमनला बघायला गेलो तेव्हा तिच्या एका मामाने मलाच विचारलं, मुलगा मागून येतोय का? सगळे हसले, सुमन हसली नाही. लग्न ठरलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नाशिकला जाऊन एका चामडीच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी नवी निघालेली गोळी दिली, रोज एक. सोडली तर केस पुन्हा जातील म्हणाले. आणि हेही म्हणाले, की थोड्या पुरुषांची इच्छा कमी होते, ताकद कमी होते. तसं वाटलं तर लगेच येऊन सांगायचं. त्यांनी सांगितलं नाही असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

लग्न झालं. सुमन त्या मागच्या खोलीत राहायला आली. आणि मला तसं वाटलं. पहिल्या दिवसापासूनच वाटलं. आधी म्हटलं थकवा असेल, मग म्हटलं शाळेचा ताण. केस मात्र राहिले होते. आरशात बघितलं की बरं वाटायचं, आणि दिवा मालवला की मी भिंतीकडे तोंड करायचो. गोळ्या शाळेत खडूच्या डब्यात ठेवायचो, म्हणजे घरी दिसायला नकोत. डॉक्टरांना विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. पण तो बाजारातला हशा आठवायचा. एका भिंतीपलीकडे तालुक्यातला सगळ्यांत शहाणा माणूस राहत होता आणि मी त्याच्यापासून तोंड लपवून हिंडत होतो. ते रोज सकाळी पडवीत विचारायचे, "गुरुजी, मुंग्या लागतात का?" मी नाही म्हणायचो. सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारतात, असं धरून चाललो होतो.

दोन वर्षं गेली. आई गावाहून यायची, सुमनच्या पोटाकडे बघायची. मग सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे. उपास, नवस, मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावरचा भगत. सुमनला कोंबडं घेऊन त्याच्यापुढे बसवलं, ती बसली. पाला वाटून प्यायला दिला, ती प्यायली. मी बरोबर होतो. जीपमध्ये तिच्या शेजारी बसून गेलो आणि शेजारी बसून आलो. एक शब्द बोललो असतो तर ती त्या पाल्यातून सुटली असती. बोललो नाही. हे लिहिताना माझी मान खाली जाते आहे, पण जाऊ दे.

शेवटी आईने ठरवलं, दिवाळी झाली की हिला माहेरी ठेवायची. दुसरी मुलगी तिच्या नजरेत होती. सुमन रडली नाही. ती फक्त म्हणाली, "ठेवा. पण एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा, मग ठेवा." आईला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. सुमन दोन वर्षं त्या पडवीत भांडी घासत होती आणि बाकावर चहा पीत बसलेल्या बायका रोज बघत होती, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

आम्ही तिघं पुढच्या दाराने गेलो. आई म्हणाली, "डॉक्टर, हिला नीट बघा. दोन वरसां झाली, घरात पाळणा नाय. नसंल होत तर तसा सांगा, मना पोराचा बघाय लागंल."

डॉक्टरांनी चहा मागवला. "आधी नवरा."

आत गेल्यावर त्यांनी दार लावलं. काही विचारायच्या आधी मी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायलो. मग बोलता बोलता पुन्हा उठलो आणि पुन्हा प्यायलो. त्यांनी ते बघितलं. पट्टा दाखवा म्हणाले. मी माझ्या हाताने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती. म्हणाले, "कुडाजवळ महिनाभर मुंग्या आहेत, गुरुजी. मी सगळ्या भाडेकरूंना विचारतोय. कंडक्टरसाहेब स्वतः येऊन नळी देऊन गेले, त्यांची निळी आहे."

मी नळी दिली. पडद्यामागून आवाज आला नाही. ते बाहेर आले आणि खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. नळी हातातच होती, भाजलेल्या विटेच्या रंगाची.

साखर आहे, म्हणाले, बरीच आहे. अंगातला जोर जाणं, वजन उतरणं, बायकोजवळ जाता न येणं, यातलं पुष्कळसं तिच्यामुळे असू शकतं. मग त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते मला अरेतुरे बोलले. "साखर अलीकडची दिसते. तुझा चेहरा दोन वर्षं असा आहे. काय खातोस?"

मी सांगितलं. नाशिक, गोळी, खडूचा डबा, सगळं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. उलट म्हणाले, त्या तेलाची बाजारात थट्टा करायला नको होती मी. त्यापायी तू दार ठोठावलं नाहीस.

खरं सांगायचं तर ते ऐकून मला हायसं वाटलं. आणि लगेच मनात एक लबाडी शिरली. मी म्हटलं, डॉक्टर, म्हणजे या गोळीनेच साखर झाली. एकच कारण, बाहेरचं, नाशिकहून आणलेलं. त्यांनी हो म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तेवढं एक हो मिळालं असतं तर मी जन्मभर त्याच्या आड राहिलो असतो.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "इच्छा गेली ती गोळीने गेली असेल, असं होतं. पुढे साखरेनेही जोर खाल्ला असेल. पण गोळीने साखर आली का, हे मला माहीत नाही. तुझे वडील कशाने गेले?"

पायाच्या जखमेने, मी म्हटलं. चिघळत गेली होती.

पुढे वर्षानुवर्षं मी त्यांच्या मागे लागलो. केसांच्या गोळ्यांवर, साखरेवर पेपरात काही आलं की कात्रण घेऊन जायचो. कुठे कुठे डॉक्टर लोकांना तसा संशय आहे असं छापून यायचं, मग दुसरीकडे उलटं यायचं. ते चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायचे, बाहेरून पुस्तकं मागवायचे आणि माझं कात्रण घडी करून परत द्यायचे. "अजून माहीत नाही." गोळी सुटली, केस गेले, साखरेचं औषध लागलं आणि सात-आठ महिन्यांत अंगात माणूस परत आला. तो गुण एक सोडल्याचा की दुसरं घेतल्याचा, तेही त्यांनी कधी ठामपणे सांगितलं नाही. आमच्या भागात ठाम सांगणारे पुष्कळ होते, भगतापासून पुढाऱ्यापर्यंत. माहीत नाही असं सांगून माणसाला सरळ उभा करणारा मी एकच पाहिला, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मी राहिलो, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या नोकरीचाही नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं. मी म्हटलं, आता तुम्हीच बाहेर जाऊन आईला सांगा.

ते उठले, दाराची कडी काढली. "मी सांगणार नाही. पेशंटचं बाहेर सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही. त्या बाईला माहेरी पाठवायचं का, हे आज तपासणीवर ठरणार होतं ना? तपासणी तुमची झाली. निकाल तुम्ही वाचा." पुन्हा अहोजाहो. ते मला जास्त लागलं.

बाकावर आई आणि सुमन. मी म्हटलं, आई, मला साखर निघाली. आईने कपाळाला हात लावला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तरीच पोर सुकला." मग काय खायचं, काय नाही, भात चालेल का, असं तिचं सुरू झालं. सुमनचा विषय ती विसरूनच गेली. तेवढं पुरलं असतं. मी चपला पायात घालायला लागलोही होतो.

सुमन खाली बघत म्हणाली, "सुकलात ते आत्ता. पहिल्या दिवसापासून काय होतं?"

आई तिला गप म्हणाली. डॉक्टर दारात हात पुसत उभे होते.

मी म्हटलं, "आई, हिच्यात काही नाही. मी हिच्याजवळ कधी गेलोच नाही. जाता आलं नाही. केस राहावेत म्हणून गोळ्या खात होतो. असं होऊ शकतं हे मला आधी सांगितलेलं होतं. मला माहीत होतं, तरी हिला भगताकडे नेलं."

आईने माझ्या डोक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "केसांपायी?" ती म्हणाली. एवढंच.

सुमनच्या मनगटावर भगताने मंतरलेला काळा दोरा होता, आईने स्वतःच्या हाताने बांधलेला. सुमनने तो हात आईपुढे धरला. आईला गाठ दिसेना. तिने बोटांनी ओढून पाहिली, मग वाकून दातांनी सोडवली. सोडवताना तिचं डोकं सुमनच्या हातावर टेकलं होतं आणि ते लवकर वर आलं नाही.

मग सुमनने तो दोरा माझ्या हातात दिला. "आता तुम्ही बांधून घ्या."

"उजव्या हाताला, गुरुजी," डॉक्टर दारातून म्हणाले, "डाव्यातून रक्त काढायचंय."

मी उजव्या मनगटावर दोरा धरला. एका हाताने गाठ बसेना. थोडा वेळ तिने मला खटपट करू दिली, मग ती पुढे झाली आणि तिने गाठ मारली. घट्ट मारली.